भिवंडी : समितीत कोण बसतं?

भिवंडीत समिती म्हटलं की जुन्या माणसांच्या बोलण्यात सुरेश खोपडे येतातच. 1970 आणि 1984 च्या दंगलींनी गाव पोळलेलं होतं. 1988 मध्ये ते पोलीस उपायुक्त म्हणून आले. शांतता समितीत तोवर कोण असायचं? पुढारी, शेठ, मंडळांचे अध्यक्ष. पोलीस ठाण्यात एरवीही ज्यांना खुर्ची मिळते तेच. खोपड्यांनी मोहल्ला समित्यांत चारचौघांतली माणसं घेतली, दोन्ही समाजांची, आणि भागाची जबाबदारी साध्या पोलीस शिपायावर टाकली. भांडण नळावरचं असो की गटाराचं, ते तिथेच मिटायचं.

*

डिसेंबर 1992. मुंबई दंगलीत जळत होती, भिवंडी शांत राहिली. तोवर खोपड्यांची बदली होऊन गुलाबराव पोळ आले होते. साहेब बदलला तरी समित्या उभ्या राहिल्या, हे मला जास्त मोलाचं वाटतं. आशुतोष वार्ष्णेय यांनी दंगलींवरच्या आपल्या अभ्यासात भिवंडीची नोंद घेतली. आपल्याकडे मात्र भिवंडीची आठवण गणपती-मोहरमच्या बंदोबस्तापुरतीच निघते.

*

जुलै 2006. पोलीस ठाण्याच्या बांधकामाचा वाद, गोळीबार, मग जमावाने दोन पोलिसांना मारलं. जागेचा वाद हा खरं तर समितीत आधी बसून बोलायचा विषय. समिती फक्त सणावाराला बोलावली की असंच व्हायचं.

*

मग मोहल्ला समितीची तीच रीत पाण्याला, कचऱ्याला, दवाखान्याला का लावू नये? 2011 च्या जनगणनेत शहराची वस्ती 7 लाखांवर होती. 2022 मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि प्रशासक आला. पुढे निवडणूक होईपर्यंत नगरसेवकच नव्हते, तेव्हा गल्लीने जायचं कुणाकडे होतं? भागातल्या मतदारांची क्षेत्रसभा कायद्यात आहे, गल्लीत विचारा कुणी पाहिली का.

*

21 सप्टेंबर 2020 च्या पहाटे जिलानी बिल्डिंग कोसळली. जवळपास 40 माणसं गेली. नोटीस बजावली होती, असं सांगण्यात आलं. नोटीस भिंतीला चिकटते. भाडेकरूला दुसरी खोली कोण शोधून देणार, त्याचं डिपॉझिट कुठून येणार, हे तिच्यावर लिहिलेलं नसतं. हे काम मोहल्ल्यातल्याच कुणीतरी अंगावर घ्यावं लागतं.

*

लोकसेवा हक्क कायदा 2015 चा. कुठला दाखला किती दिवसांत, अधिकारी कोण, अपील कुणाकडे, हे कार्यालयात फलकावर लावायचं असतं. एका कार्यालयात हा फलक कपाटामागे अर्धा झाकलेला पाहिला. दिसत होता तो फक्त दिवसांचा रकाना, कामाचं नाव नाही. कामात कसूर झाली तर अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड आहे. पण अपिलापर्यंत जाणारा माणूस हवा. यंत्रमागावर बारा तासांची पाळी करणारा रोज खाडा करून खेटे घालणार नाही. त्याच्या वतीने पाठपुरावा करणारा हवा.

*

बिस्सी. यूपी-बिहारचे कारागीर जेवतात ती खानावळ. कुणाचा पगार अडकला, कोण तापाने पडून आहे, कोण गावी गेला तो परतलाच नाही, हे बिस्सी चालवणाऱ्या बाईला आधी कळतं. डाळ वाढताना ताटं कमी भरली की तिला हिशोब लागतो. अशी बाई मी कुठल्याही समितीच्या यादीत पाहिलेली नाही. आरोग्य विभागाने तिला गाठावं, असं मला मनापासून वाटतं.

*

मागवाल्याचा पोरगा मागावर जायला राजी नाही, आणि त्याचं चुकतंय असं मी म्हणणार नाही. मजुरी मीटरवर, कानाला कायम खटखट. तो पूर्णा, वळ, माणकोलीच्या गोदामांकडे जातो. तिथे ठेकेदार, सणाच्या हंगामात भरती, मग घरी बसा. धोट्याच्या मागाला निदान मुकादम ओळखीचा असायचा. गोदामवाल्यांशी एकेकट्या पोराने काय बोलायचं? पगाराची स्लिप, पीएफ, पाळीचे तास, हे विषय गटाने मांडले तरच कुणी ऐकेल.

*

असा गट बांधायला मंडळं कमी नाहीत. कागदावर जिवंत असलेली कमी. धर्मादाय कार्यालयात वर्षानुवर्षं विश्वस्त बदलल्याचा चेंज रिपोर्ट दिलेला नाही, विश्वस्तांपैकी दोघे वारलेले, ऑडिट रखडलेलं. गोदामांतल्या मोठ्या कंपन्यांचा सीएसआरचा पैसा अशा मंडळाला मिळणार कसा? 2021 पासून सीएसआर-1 नोंदणी लागते. त्यामुळे पैसा बाहेरच्या बड्या संस्थेकडे जातो आणि तिची माणसं मोहल्ला विचारत-विचारत इथल्याच मंडळाच्या ओट्यावर येऊन बसतात!

*

एक सूचना. गावात बी. कॉम. झालेली, टॅली शिकलेली, तरी बसून असलेली मुलंमुली आहेत. दहा-बारा मंडळांनी मिळून अशा दोघा-तिघांना पगारावर घ्यावं. जमाखर्च, चेंज रिपोर्ट, सीएसआरचे फॉर्म आणि लोकसेवा हक्काची अपिलं, सगळं एका टेबलावर. पगार वर्गणीतून निघेल का? पहिलं वर्ष ओढाताण होईल. मंडपाच्या बजेटातून थोडे पैसे वळवावेत. अध्यक्ष ऐकणार नाहीत, पण खजिनदार ऐकेल. ऑडिटची भीती त्यालाच असते.