तारीख आधी, तिकीट नंतर

आई सांगलीच्या एका वाचनालयात ग्रंथपाल होती. ती निवृत्त झाल्यावर तिला एकदा परदेश दाखवायचा, हे मी बरेच दिवस मनात धरलं होतं. तिची मागणी साधी होती: समुद्र असावा आणि रोज सकाळी उठून बॅगा भरायला लागू नयेत. धावत्या ग्रुप टूर त्यामुळे आपोआप बाद झाल्या. एकाच शहरात मुक्काम ठोकायचा ठरला आणि बार्सिलोनाचं नाव पक्कं झालं ते एका तारखेमुळे. ती तारीख होती 23 एप्रिल.

हा बार्सिलोना ज्यात येतं त्या कॅटलोनिया प्रांताच्या संरक्षक संताचा, सांत जोर्दीचा दिवस. त्या दिवशी तिथले लोक एकमेकांना गुलाब आणि पुस्तक देतात. पूर्वी पुरुषांनी गुलाब द्यायचा आणि बायकांनी पुस्तक, अशी वाटणी होती. आता सगळेच दोन्ही देतात. युनेस्कोने 1995 मध्ये 23 एप्रिल हा जागतिक ग्रंथदिन ठरवला, त्यामागेही कॅटलोनियाची ही प्रथा आहे. आईने नोकरीत असताना हा दिवस वाचनालयात नेमाने साजरा केला होता. प्रदर्शन मांडायचं, फलक रंगवायचे, शाळेतल्या मुलांना बोलवायचं, सगळं ती हौसेनं करायची. तो दिवस जिथे रस्त्यावर येतो ते शहर बघायचं म्हटल्यावर तिचा चेहरा खुलला. "मग त्या दिवशी दुसरं काही ठेवू नकोस," एवढंच ती म्हणाली. आमचं सगळं वेळापत्रक या एका वाक्याभोवती बसवलं.

पहिलं काम व्हिसाचं. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडून युरोपला जाणाऱ्यांची रीघ लागते आणि व्हिसा केंद्राच्या तारखा भराभर संपतात, म्हणून आम्ही हिवाळ्यातच कागद जमवायला घेतले. आईचे पेन्शनचे कागद, दोघींची बँक स्टेटमेंट्स, आयकर विवरणपत्रं, राहण्याचं बुकिंग, दिवसवार कार्यक्रम आणि किमान 30 हजार युरोचं संरक्षण देणारा प्रवास विमा. मोठ्यांसाठी फी 90 युरो. ज्येष्ठांना घेऊन जाणाऱ्यांनी विम्याची पॉलिसी शेवटपर्यंत वाचावी. आधीपासूनच्या आजारांबद्दल त्यात काय लिहिलंय, हे हप्ता भरण्याआधी कळलं पाहिजे.

राहायचं कुठे, यावर आमचं सगळ्यात जास्त बोलणं झालं. स्वयंपाकघर असलेला फ्लॅट घेतला तर आईला सोयीचं पडेल, असं मला आधी वाटत होतं. पण बार्सिलोनातल्या घरभाड्यांबद्दल वाचत गेले तसं चित्र वेगळं दिसायला लागलं. पर्यटकांना भाड्यानं दिलेल्या फ्लॅटमुळे गावातल्या लोकांना परवडेल असं घर मिळेनासं झालंय. जून 2024 मध्ये तिथल्या महापौरांनी जाहीर केलं, की अशा 10,101 फ्लॅटचे परवाने नोव्हेंबर 2028 पर्यंत संपवायचे. पुढच्याच महिन्यात निघालेल्या मोर्चात काहींनी रेस्टॉरंटबाहेर बसलेल्या पर्यटकांवर खेळण्यातल्या पिचकाऱ्यांनी पाणी उडवलं. हे आईला वाचून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "अगं, कुणाचं घर अडवून आपण सुट्टी नको करायला." फ्लॅटचा विषय तिथेच संपला. आम्ही एशाम्पला भागातलं एक लहानसं हॉटेल घेतलं.

एशाम्पला हा बार्सिलोनाचा 'नवा' भाग; इल्देफोन्स सेर्दा या अभियंत्याच्या 1859 च्या आराखड्यावर वसलेला. चौकोनी इमारती, सरळ रस्ते आणि प्रत्येक चौकाचे चारही कोपरे तिरके कापलेले. चौक त्यामुळे ऐसपैस होतात, उजेड खेळतो. पण चालणाऱ्याला एक गोष्ट माहीत असावी. झेब्रा पट्टे चौकाच्या टोकाला नसतात, कापलेल्या कोपऱ्यातून आत वळल्यावर लागतात. दर चौकात एवढं वळण घ्यावं लागतं, म्हणून नकाशावर जवळ दिसणारं ठिकाण पायांना दूर पडतं. आईचे गुडघे लक्षात घेऊन आम्ही दिवसभरात दोनच मुख्य गोष्टी ठेवल्या, एक सकाळी आणि एक संध्याकाळी. मधे जेवण आणि विश्रांती. तिथली बस ज्येष्ठांना मेट्रोपेक्षा सोपी पडते. पायऱ्या उतरायला नकोत आणि खिडकीतून गावही दिसतं.

सगरादा फामिलियाचं तिकीट वेळ ठरवून ऑनलाइनच काढावं लागतं. कोणती वेळ घ्यायची ते आम्ही उजेडावरून ठरवलं. 1882 मध्ये सुरू झालेल्या या चर्चचं काम पुढल्याच वर्षी अंतोनी गाउदींच्या हाती आलं आणि 1926 मध्ये ट्रामच्या धक्क्यानं त्यांचा मृत्यू होईपर्यंत त्यांनी ते सोडलं नाही. पूर्वेकडच्या खिडक्यांना निळ्या-हिरव्या काचा आहेत, पश्चिमेकडच्या काचा पिवळ्या, केशरी, लाल. सकाळचं ऊन एका बाजूनं येतं, संध्याकाळचं दुसऱ्या. आम्ही संध्याकाळची वेळ घेतली. आत झाडांसारखे वर जाऊन फांद्या फुटलेले दगडी खांब आहेत. ऊन कललं तसे ते बुंध्यापासून तांबूस होत गेले. आई बाकावर बसून होती. तिच्या पांढऱ्या साडीवर आधी पिवळा, मग केशरी रंग आला, आणि ती पदर हातावर पसरून तो रंग बघत राहिली. मनोऱ्यांचं तिकीट आम्ही घेतलं नव्हतं. वर जायला लिफ्ट आहे, पण खाली अरुंद गोल जिन्यानं यावं लागतं.

पार्क ग्वेल या डोंगरावरच्या बागेसाठीही वेळेचं तिकीट लागतं. तिथे 116 नंबरची छोटी बस जाते. पर्यटकांच्या गर्दीमुळे तिथल्या म्हाताऱ्या माणसांनाच तीत चढता येईना, म्हणून पालिकेनं 2024 मध्ये ती गूगलच्या नकाशावरून काढायला लावली. आम्ही ती बस टाळली आणि मोठ्या रस्त्यावरची मोठी बस धरली. त्यात आमचं काहीच अडलं नाही.

शाकाहारी माणसाचं काय होणार, ही नातेवाइकांची मोठी काळजी होती. पिकलेला टोमॅटो पावावर चोळून वर ऑलिव्ह तेल आणि मीठ घातलेला 'पा आम तुमाकेत' तिथे जवळपास सगळीकडे मिळतो. वांगी, लाल ढोबळी मिरची आणि कांदा भाजून, सोलून, हातानं लांब फाडून तेलात घोळवलेली 'एस्कालिवादा' ही आईची आवडती झाली. वास थेट आपल्या भरताचा. मनुका आणि चिलगोजे घातलेला पालकही तिला आवडला. एक मात्र सांभाळावं: भाजीच्या पदार्थातही हॅमचे तुकडे किंवा ट्यूना असू शकतो. 'मांस नको, मासे नको, हॅम नको' हे तिन्ही वेगवेगळं सांगावं लागतं. मुख्य जेवण दुपारी घ्यावं. कामाच्या दिवशी दोन पदार्थ, पाव आणि गोड असं ठरावीक दराचं ताट मिळतं आणि तेच खिशाला परवडतं. रात्रीचं जेवण तिथे नऊच्या पुढे सुरू होतं, ते आईला झेपणारं नव्हतं.

मग 23 एप्रिल. त्या दिवशी सार्वजनिक सुट्टी नसते, गर्दी कामं उरकल्यावर होते, म्हणून आम्ही सकाळी लवकर पासेज द ग्रासिया या रस्त्यावर पोचलो. टेबलं मांडली जात होती, खोकी उघडत होती, बादल्यांमधून गुलाब येत होते. प्रत्येक गुलाबाबरोबर गव्हाची एक लोंबी आणि पिवळ्या-लाल पट्ट्यांची फीत बांधलेली. गाउदींच्या कासा बात्यो या इमारतीच्या सज्जांवर गुलाब लावलेले. दुपारनंतर ऑफिसं आणि शाळा सुटल्या आणि रस्ता माणसांनी भरला. लेखक मांडवात बसून सह्या देत होते, समोर वाचकांच्या रांगा. आईने एका विक्रेत्या बाईला हातवारे करून सांगितलं की आपण ग्रंथपाल होतो. त्या बाईनं लहान मुलांचं एक चित्रमय पुस्तक पुढे केलं. आईने ते पैसे देऊन घेतलं आणि बदल्यात बादलीतला एक गुलाब विकत घेऊन त्या बाईला दिला. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती आणि दोघीही मनापासून हसत होत्या. आईला इतकं खूश मी क्वचितच पाहिलंय.

तुम्ही जाणार असाल, तर आधी शहराचा एखादा दिवस निवडा आणि मग विमानाचं तिकीट बघा. एप्रिल जमत नसेल तर 24 सप्टेंबरच्या आसपास मेर्से उत्सव असतो. माणसांवर माणसं चढून उभे राहणारे कॅटलन मनोरे, ज्यांना युनेस्कोने 2010 मध्ये वारशाचा दर्जा दिला, ते त्यात बघायला मिळतात. ऑगस्ट टाळा, ऊन आणि गर्दी दोन्ही टोकाला असतात आणि बरीच छोटी दुकानं, खानावळी बंद असतात. गर्दीत बॅग पुढे धरा. आणि मुक्कामाची जागा निवडताना त्या गावात वर्षभर राहणाऱ्यांचा विचार करा. आपली सुट्टी थोड्या दिवसांची असते, त्यांना तिथेच राहायचं असतं.