दोन्हीवर पंधराच लिहिलंय

बैलगाडीच्या लाकडी चाकावर जी लोखंडी पट्टी असते तिला 'धाव' म्हणतात, हे हल्ली मराठीच्या शिक्षकांनासुद्धा सांगावं लागतं. शब्द किती छान आहे बघा. साठच्या दशकात, मी शाळेत असताना, आमच्या चिंचणीत धाव बसवण्याचं काम चाललं असलं की आम्ही पोरं दप्तर घेऊन तिथेच उभी राहायचो. धाव मुद्दाम चाकापेक्षा किंचित लहान करायची. मग शेणींच्या जाळात ती लाल होईपर्यंत तापवायची. तापलेलं लोखंड वाढतं, तेवढ्या वेळात दोघातिघांनी सांडशींनी उचलून ती चाकावर चढवायची आणि वरून भराभर पाणी ओतायचं. चर्र आवाज, वाफ, जळक्या लाकडाचा वास. गार होताना लोखंड आवळतं आणि आरे, तुंबा, कड असं सगळं चाक एकजीव होतं. सगळी करामत मापात. धाव सैल झाली तर वाटेत निसटणार, फार लहान झाली तर आरे कडकडणार. लोहारदादा चाकाभोवती दोरी फिरवून पुन्हा पुन्हा माप घ्यायचे. आम्हाला वाटायचं, केवढा हा वेळकाढूपणा!

पुढे रबरी टायरच्या बैलगाड्या आल्या. देशात कित्येक ठिकाणी अशा गाडीला 'डनलॉप गाडी' म्हणतात. डनलॉप हे मूळचे स्कॉटलंडचे, बेलफास्टला स्थायिक झालेले जनावरांचे डॉक्टर. १८८७-८८ च्या सुमारास त्यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी हवा भरलेला टायर केला. जनावरांच्या डॉक्टरचं नाव फिरून फिरून बैलांच्या गाडीला लागलं, याची मला फार गंमत वाटते. टायर आले, गाडी हलकी ओढली जाऊ लागली, बैलांना आराम झाला असेल असं तुम्हाला वाटेल. कसला आराम! गाडी हलकी चालते म्हटल्यावर माणसाने तिच्यात दीडपट गवत भरलं. जू तेच, मान तीच.

हे सगळं आठवायचं कारण एक मोटरसायकल.

माझा एक जुना विद्यार्थी आहे. त्याचं नाव नको, नाहीतर तो माझ्याशी बोलणं सोडील. पहाटे वरोर, धाकटी डहाणूच्या बाजूला मासळी उचलायची आणि बोईसरच्या बाजारात पोचवायची, हा त्याचा धंदा. मोटरसायकलच्या मागे दोन्ही बाजूंना एकेक टप, त्यात मासळी आणि बर्फ, आणि परत येताना कधी बायको, कधी बायको आणि मुलगी. गाडी अ‍ॅव्हेंजर, जुनी घेतलेली. बसायला ठेंगणी, म्हणून टप चढवायला बरी पडते असं त्याचं म्हणणं. एवढ्या ओझ्याने मागचा टायर वर्षभरसुद्धा टिकत नाही. त्यात चिंचणी-बोईसर रस्ता, एमआयडीसीचे ट्रक आणि पावसाळ्यातले खड्डे.

तर हा परवा घरी आला आणि म्हणाला, "बाई, मी मागे मोटारीचा टायर टाकतोय."

मी बीए मराठी. मला टायरातलं काय कळणार? पण त्याची बायको आदल्या दिवशी येऊन गेली होती. "बाई, ते माझं ऐकत नाहीत, तुमचं ऐकतील," एवढंच बोलली आणि मुलीला पुढे केली. मुलगी दुसरीत आहे. मग मला टायर शिकणं भाग पडलं.

त्याचा युक्तिवाद ऐकण्यासारखा होता, वर्गात कधी इतका नीट बोलला नव्हता. टायरवर आकडे असतात. अ‍ॅव्हेंजरच्या मागच्या टायरवर १३०/९०-१५. म्हणजे रुंदी १३० मिलिमीटर, उंची रुंदीच्या ९० टक्के आणि रिम १५ इंच. एर्टिगा गाडीचा टायर १८५/६५ आर १५. "दोन्हीवर पंधराच लिहिलंय, बाई!" मी कागदावर हिशेब केला. पहिल्याचा पूर्ण व्यास सुमारे ६१५ मिलिमीटर, दुसऱ्याचा ६२१. सहा मिलिमीटरचा फरक, म्हणजे काहीच नाही. पुढे भाराचा आकडा. मोटरसायकलच्या टायरवर ६६, त्याचा अर्थ ३०० किलो. एर्टिगाच्या टायरवर ८८, म्हणजे ५६० किलो. वर मोटारीचा टायर जाड, कडक रबराचा, कितीतरी जास्त टिकणारा. मोबाइलवर त्याने मला एक गोरा म्हातारा दाखवला. मोठ्या होंडा गोल्डविंगला मागे मोटारीचा टायर लावून तो देशभर हिंडतो. अमेरिकेत असे बरेच लोक आहेत, आपल्या या प्रकाराला ते स्वतःच 'डार्क साइड' म्हणतात, म्हणजे काळोखी बाजू. टायर बनवणाऱ्या कंपन्या याला नको म्हणतात, पण ही मंडळी वर्षानुवर्षं चालवतात. सगळे पडलेले नाहीत, हेही खरं. खोटं कशाला सांगू?

मी त्याला म्हटलं, स्वयंपाकघरातून पेला आण आणि बिस्किटांचा गोल डबा आण. (हे मला सुचलेलं नाही. टायरच्या दुकानात माझा दुसरा एक विद्यार्थी आहे, त्याने आदल्या संध्याकाळी मला शिकवलं होतं. शिक्षकाने शिकवणी लावावी ती अशी.) पेला फरशीवर आडवा ठेवून हलकेच ढकलायचा. तो सरळ जात नाही. तोंडाकडे मोठा, बुडाकडे लहान, म्हणून बुडाच्या बाजूला वळत वळत गोल फिरतो. डबा ढकलला की नाकासमोर जातो, भिंतीवर आपटेपर्यंत.

मोटरसायकलचा टायर आडव्या छेदात गोल असतो, अर्ध्या नारळासारखा. वळणावर गाडी कलली की टायरही कलतो, आणि जमिनीला टेकलेला त्याचा भाग पेल्यासारखा वागतो. मधला घेर मोठा, कडेचा लहान. म्हणून टायर आपण होऊन वळणाच्या आत जातो. आपण हँडल फार फिरवत नाही, अंग कलवतो आणि गाडी वळते. मोटार कलतच नाही, म्हणून तिचा टायर सपाट, डब्यासारखा, काटकोनी कडांचा. तो मोटरसायकलला लावून वळणावर कलवला की तो एका कडेवर चढतो आणि सरळच जाऊ बघतो. चालवणाऱ्याला हँडल दाबून धरावं लागतं. सवय होते म्हणतात. पण रस्त्याला उतार असेल, चाकोरी पडली असेल, खड्ड्याची एक कड वर असेल, तर सपाट टायर त्या कडेचं ऐकतो, तुमचं नाही. गोऱ्या म्हाताऱ्याचा रस्ता मी मोबाइलवर नीट पाहिला. त्यावर दोन टप मासळी नव्हती आणि पुढून उलट्या बाजूने रिक्षा येत नव्हती.

तो पेला त्याने पाच-सहा वेळा ढकलला. मग मुलीने मागितला.

"पण ५६० किलो, बाई," तो म्हणाला. तिथेच सगळं अडलं होतं. मी म्हटलं, टायर ५६० पेलेल, पण चाकाचे आरे? (मोटरसायकलच्या चाकालाही आरेच, शब्द बदललेला नाही.) मागचा दांडा, ज्यात चाक बसतं तो? मागचा ड्रम ब्रेक? ते सगळे ३०० च्या हिशेबातलेच राहणार. शिवाय मागे ओझं वाढलं की पुढचं चाक हलकं होतं आणि वळवायचं तर ते पुढचंच चाक आहे. बैलगाडीची गोष्ट त्याला तेव्हा सांगितली. त्याच्या आजोबांची टायरगाडी होती, त्याला पटली.

उरलेलं दुकानातल्याने सांगितलं, आणि माझ्यापेक्षा चांगलं. एर्टिगाचा टायर किमान पाच इंच रुंद रिमसाठी केलेला असतो, अ‍ॅव्हेंजरची रिम त्यापेक्षा बरीच अरुंद. टायर साडेपाच सेंटिमीटर जास्त रुंद, म्हणजे दर बाजूला पावणेतीन सेंटिमीटर. एका बाजूला चेन आहे, ती घासणार. आणि आकडा पंधराचा असला तरी मोटारीच्या रिमची कड आणि मोटरसायकलच्या रिमची कड सारखी घडवलेली नसते. टायरची काठ, ज्यात तारा असतात, तिथे नीट बसत नाही. मग हवा वाढवत वाढवत ती जबरदस्तीने बसवायची. त्यात तार तुटली किंवा टायर फुटला तर समोर वाकलेल्या माणसाचे हात, तोंड जातं. तो शांतपणे म्हणाला, "ते माझे हात आहेत. मी बसवणार नाही. दुसरीकडे जा, पण तिथेही कुणाचे तरी हात आहेत." मला हे वाक्य अजून आठवतंय. दहावीला निबंधात त्याला मी पंधरापैकी सहा दिले होते.

धाव बसवणाऱ्या लोहाराचा वेळकाढूपणा कशासाठी होता, ते इतक्या वर्षांनी एका टायरच्या दुकानात कळलं.

कायद्याचं थोडक्यात सांगते, कारण ठाण्याचा भाचा वकील आहे आणि तो हे वाचणार. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. कारखान्याने दिलेल्या आणि नोंदणीत असलेल्या तपशिलांशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळातून आलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने दर बदलामागे ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी शिक्षा आली. अपंगांसाठी गाडीत बदल करण्याची सोय कायद्यात वेगळी आहे, ते योग्यच. दंडाला तो घाबरला नाही. अपघात झाला तर विम्यावाले आधी टायरकडे बोट दाखवतील, हे ऐकून मात्र जरा गप्प झाला. मासळीवाल्याला विम्याची किंमत कळते, बोटीवर त्यांनी बरंच पाहिलेलं असतं.

मोटरसायकलला मोटारीचा टायर कधीच शोभत नाही, असं मात्र नाही. साइडकार लावली की गाडी कलत नाही, तिथे सपाट टायर चालतो. सौराष्ट्रात गेलात तर छकडा दिसेल. पुढून बुलेट, मागून दोन चाकांची गाडी, वर माणसं, चारा, कापूस, काय वाटेल ते. अमरेली जिल्ह्यातल्या मनसुखभाई जगाणी यांनी तर १९९४ मध्ये बुलेटचं मागचं चाकच काढून तिथे शेतीची अवजारं जोडली. दुष्काळात बैल पोसणं परवडेना म्हणून केलेली 'बुलेट संती' ती. त्याचं पेटंटही त्यांना मिळालं. जुगाड जुगाड म्हणून आपण हसतो, पण त्या माणसाने मागचं एक चाक बदललं नाही, सगळी मागची बाजू विचार करून बदलली. हे मी माझ्या विद्यार्थ्याला सांगितलं आणि लगेच पस्तावले, कारण त्याचे डोळे चमकले. आता तो छकडा बांधायला निघतो की काय! पण नाही. तीन चाकांना वेगळा परवाना लागतो म्हटल्यावर बसला.

शेवटी त्याने मोटरसायकलचाच टायर घेतला, त्याच मापाचा, चांगल्या कंपनीचा. टायरमध्ये हवा किती हवी ते दुकानातल्याने टाकीवर आतल्या बाजूला रंगाने लिहून दिलंय, एकट्याची वेगळी, ओझ्याची वेगळी. टप दोनच, पण आता निम्मेच भरतो आणि दोन फेऱ्या करतो. पहिली फेरी साडेपाचला बाजारात पोचते, दुसरी पावणेआठला. पेट्रोल दुप्पट लागतं. दुसऱ्या फेरीपर्यंत बोंबील आणि मांदेलीचा भाव उतरलेला असतो, मोठी गिऱ्हाइकं निघून गेलेली असतात. महिन्याचा हिशेब त्याने मला वहीत लिहून दाखवला, अगदी नीट समास सोडून. तोटा होतो आहे. बायको म्हणते, होऊ दे. तो काही म्हणत नाही. शेजारच्याबरोबर भागीत जुना मालवाहू टेम्पो घ्यायचं चाललंय, पण शेजाऱ्याचा मुलगा तारापूरला नोकरीला लागला की पैसे देणार, आणि नोकरी अजून लागायची आहे.