सामाईक

पाणपोई. चैत्र लागला की बाजारपेठेच्या तोंडाशी, एसटी स्टँडाजवळ, देवळाच्या भिंतीला लागून चार बांबूंचा मांडव उभा राहायचा. वाळूत रुतवलेले दोन रांजण, त्यांना गुंडाळलेलं ओलं तरट, लांब दांड्याचं ओगराळं. कुणी आईवडिलांच्या नावाने घातलेली, कुठे व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून चालवलेली. पिणाऱ्याला पैसे कुणी विचारत नसे. आता त्याच जागेवर वीस रुपयांची बाटली मिळते. ऊन मात्र वाढलं आहे, आणि ते सगळ्यांना सारखं लागत नाही. डांबर टाकणारी बाई, हमाल, हातगाडीवाला, दुचाकीवरून दुसऱ्याचं जेवण पोहोचवणारा मुलगा यांच्या अंगावर ते दिवसभर असतं. बाटलीही त्यांनीच विकत घ्यायची. दिवसाला तीन लागल्या तर मजुरीतले साठ रुपये पाण्यातच गेले.

रस्त्याकडेचं झाड. वड, चिंच, लिंब, करंज. त्याच्या बुंध्याशी चपला शिवणारा बसे, कोळशाची इस्त्री घेऊन कुणी उभा असे, भाजीची पाटी उतरवून बाई दम खाई. रस्ता रुंद झाला, झाड गेलं. त्याच्या बदल्यात दुभाजकात कण्हेर आणि बोगनवेल लावतात; त्यांच्याखाली माणूस उभा राहू शकत नाही. गाडीच्या काचा लावून जाणाऱ्याला हा फरक कळत नाही, कारण त्याची सावली त्याच्याबरोबर चालते.

पुढे जाण्याआधी एक लिहून ठेवायला हवं. जुन्या गावात पाणी सामाईक होतं असं आपण सहज म्हणतो. ते सगळ्यांचं कधीच नव्हतं. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या विधिमंडळात १९२३ साली मंजूर झाला. महाडच्या नगरपालिकेने पुढच्याच वर्षी तो मान्य केला. तरीही २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारो माणसांसह चालत जाऊन चवदार तळ्याचं पाणी प्यावं लागलं, आणि तळ्याच्या खटल्यात उच्च न्यायालयाचा निकाल यायला १९३७ उजाडलं. पाणपोईवरही कित्येकांच्या ओंजळीत पाणी वरून, अंतर राखून पडे. म्हणून या नोंदी जुन्या गावाच्या गौरवासाठी केलेल्या नाहीत. त्या गावात जे थोडंफार वाटून घेतलं जात होतं आणि जे सगळ्यांपर्यंत पोहोचायच्या आतच मोडलं, तेवढंच इथे घेतलं आहे. चुलीचा धूर आणि डोक्यावरचा तिसरा हंडा यांची जागा या यादीत नाही. ते जितके लवकर जातील तितकं बरं.

पत्रावळ. पळसाची पानं, बांबूच्या चोया. आदिवासी घरांतल्या बाया दुपारच्या सावलीत बसून त्या लावत आणि बाजाराच्या दिवशी गठ्ठे घेऊन येत. पंगत उठली की पत्रावळी उकिरड्यावर जात आणि पावसाळ्यानंतर खताबरोबर शेतात. मग थर्माकोल आला. २०१८ मध्ये राज्याने त्यावर बंदी घातली, जुलै २०२२ पासून ती देशभर झाली. तोवर पानं लावणाऱ्या हातांनी दुसरं काम धरलं होतं. बंदीनंतर लग्नाच्या हॉलमध्ये दिसू लागली ती आतून प्लॅस्टिकचा पातळ थर दिलेली कागदी ताटं. बंदी आणणाऱ्यांनी पळसाच्या पानाला भाव मिळवून दिला असता, तर जंगलाच्या कडेच्या घरांत चार पैसे गेले असते.

गावकीची भांडी. मोठी पातेली, परात, घंगाळं, दोनशे ताटं, सगळ्यांवर नाव कोरलेलं. ज्याच्याकडे कार्य त्याने न्यायची, घासून परत आणून द्यायची, हरवलं तर भरून द्यायचं. गरिबाच्या मुलीचं लग्न आणि पाटलाच्या मुलीचं लग्न एकाच पातेल्यात शिजे. काही गावांत बचत गटांनी हा संच पुन्हा उभा केला आहे. हे काम छोटं नाही.

कल्हई. भाता, नवसागराचा धूर, कथलाची कांडी. तांब्यापितळेची भांडी माळ्यावर गेली, तसा कल्हईवालाही गल्लीत यायचा थांबला.

बोहारीण. डोक्यावरच्या पाटीत स्टीलची भांडी, काखेत कपड्यांचं गाठोडं. ती ओट्यावर बसे, साडी उजेडाकडे धरून जर किती, विरलेली किती ते पाही, आणि घासाघीस सुरू होई. दोन साड्या, एक पँट आणि वर एक चादर घातली तर डबा. घरातल्या बाईला वाटे आपण फार दिलं, बोहारणीला वाटे आपण फार दिलं. तिथून पुढे तो कपडा कुठे जाई हे त्या घराला माहीत नसे. गाठोडं घरी सोडलं जाई, कपडे निवडले जात, उसवलेलं शिवलं जाई, बटणं लागत, धुऊन इस्त्री होई, आणि जुन्या कपड्यांच्या बाजारात तो एखाद्या मजुराला परवडेल अशा किमतीला विकला जाई. अगदीच गेलेल्या सुती कपड्याच्या चिंध्या गॅरेजात आणि छापखान्यात यंत्रं पुसायला जात. बहुतेक बोहारणी वाघरी समाजातल्या. कापडाचा पुनर्वापर हा शब्द आज परिसंवादात ऐकू येतो. या बायका तो पिढ्यान्‌पिढ्या डोक्यावर वाहत आल्या, आणि त्याबद्दल त्यांना कुणी मान दिला नाही. आता सोसायटीचा रखवालदार त्यांना फाटकातच अडवतो. शिवाय कपडाही बदलला. पॉलिएस्टर सुतासारखं पाणी शोषत नाही, म्हणून त्याची चिंधी कुणाला नको. चार महिन्यांत टाकायचा सदरा पाटीतल्या वाटीइतक्या किमतीचाही उरत नाही.

गोधडी. तिलाही सुती लुगडंच लागतं.

टाकलेलं जातं कुठे, हे या यादीतच यायला हवं, कारण तेही नजरेआड गेलं आहे. मुंबईचं देवनार १९२७ पासून कचरा झेलतं आहे. जानेवारी २०१६ मध्ये तिथे लागलेल्या आगीचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रातही दिसला. तो धूर आधी गोवंडी-मानखुर्दच्या मुलांच्या छातीत गेला, ज्यांच्या घरी टाकण्यासारखं फार काही नसतं. पुण्याचा कचरा उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या माथी पडला. तिथल्या विहिरींचं पाणी बिघडलं तेव्हा गावकऱ्यांना कचऱ्याच्या गाड्या अडवाव्या लागल्या. या ढिगाऱ्यांतून कागद, काच, पत्रा वेगळा काढणाऱ्या बायकांनी १९९३ मध्ये पुण्यात ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी केली, ओळखपत्रं मिळवली, पुढे घरोघर कचरा गोळा करण्याचं काम स्वतःच्या सहकारी संस्थेमार्फत घेतलं. शहराचा कचरा निवडण्याचा हक्क त्यांनी लढून मिळवला आहे. ओला-सुका वेगळा करून त्यांच्या हातात देणं हा उपकार नव्हे.

घरचं बी. मडक्यात राख, कडुनिंबाचा पाला, तोंडाला शेणामातीचा लेप. पेरणीच्या तोंडावर एका घरचं बी दुसऱ्या घरी जाई आणि सुगीला वाढीव होऊन परत येई. संकरित बी आलं, मग २००२ मध्ये बीटी कापूस आला. दर मृगाला दुकानात उभं राहणं आलं. पाऊस लांबला, दुबार पेरणी करावी लागली, की कर्जही दुसऱ्यांदा. बियाण्याच्या पिशवीवर पावसाची हमी छापलेली नसते. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे कधी शाळेत गेल्या नाहीत. त्यांनी वाल, घेवडे, भाज्या, भात यांची गावठी वाणं घरात जपली, आसपासच्या बायकांना वाटली. २०२० चा पद्मश्री त्यांना मिळाला. त्यांच्या फोटोखाली टाळ्या पुष्कळ वाजतात. त्या गावठी वालाला बाजारात मात्र संकरित वाणाइतकाही भाव मिळेल याची खात्री नाही.

फड. धुळे आणि नाशिक जिल्ह्यांत पांझरा आणि मोसम या नद्यांवर छोटे दगडी बंधारे, त्यांतून निघालेले पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार फड. एका फडात एकच पीक, दरवर्षी फेरपालट. पाणी द्यायला पाटकरी, राखणीला जागल्या. पाणी फोडणाऱ्याला पंच दंड करत. काही बंधारे तीन-चारशे वर्षं चालले. पाणी कमी असेल त्या वर्षी सगळ्यांनीच कमी क्षेत्र भिजवायचं. एकाचं पूर्ण आणि दुसऱ्याचं कोरडं असं व्हायचं नाही. वर धरणं झाली, नदी आटली, ज्याने त्याने विहीर खणली. पाटाची दुरुस्ती करायला जमणं बंद झालं.

भूमिहीनाचं पाणी. या यादीतली सर्वांत मोलाची नोंद मला हीच वाटते. १९७२ च्या दुष्काळात पुण्याचे उद्योजक विलासराव साळुंखे पुरंदर तालुक्यात फिरले आणि नायगावला त्यांनी पाणी पंचायत सुरू केली. तिचे नियम साधे होते. पाणी जमिनीच्या प्रमाणात मिळणार नाही, माणसांच्या प्रमाणात मिळेल. माणशी अर्धा एकर भिजेल एवढं. ज्याच्याकडे जमीन नाही त्यालाही वाटा. जमीन विकली तर पाण्याचा हक्क जमिनीबरोबर जाणार नाही. ऊस लावायचा नाही.

हे चारही नियम पुन्हा वाचावेत. हवामान न्याय या नावाखाली जगभर जे बोललं जातं, ते कोरडवाहू पुरंदरमध्ये पन्नास वर्षांपूर्वी उपसा योजनांच्या पाण्यावर करून दाखवलं गेलं. राज्याने यातला एकही नियम सगळ्या धरणांना लावला नाही. उसाखालचं क्षेत्र राज्यातल्या एकूण पिकांच्या जेमतेम ४-५ टक्के, आणि सिंचनाचं पाणी सुमारे ७० टक्के तो पितो असा अंदाज वर्षानुवर्षं सांगितला जातो. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पिण्याचं पाणी न्यावं लागलं. त्याच मराठवाड्यात साखर कारखाने उभे होते. बीडच्या ज्या शिवारात पाणी नाही, तिथली जोडपी दर दिवाळीनंतर कोयता घेऊन दुसऱ्याच्या पाण्यावर वाढलेला ऊस तोडायला जातात.

रापण. सिंधुदुर्गच्या आणि गोव्याच्या किनाऱ्यावर होडीतून जाळं अर्धगोल सोडायचं आणि दोन्ही टोकांचे दोर वाळूवरून ओढायचे. त्याला पन्नास-साठ माणसं लागत, म्हणजे वाडीच लागे. जाळ्याचा, होडीचा, माणसांचा वाटा ठरलेला असे, आणि दोराला हात लावलेला कुणी रिकाम्या हाताने परत जात नसे. किनाऱ्याजवळ येईल तेवढीच मासळी मिळे. पर्ससीन जाळ्यांनी बांगड्याचा, तारलीचा थवाच्या थवा खोल पाण्यात वेढायला सुरुवात केली, तशी किनाऱ्याशी येणारी मासळी आटली. २०१६ मध्ये राज्याने पर्ससीनवर निर्बंध घातले, २०१७ मध्ये केंद्राने प्रखर दिव्यांच्या मासेमारीवर बंदी आणली. ते दिवे रात्री समुद्रात अजून दिसतात. वर तापलेल्या अरबी समुद्रातली वादळं: २०१९ चं क्यार, २०२१ चं तौक्ते. भारतात माणशी कार्बन डायऑक्साइड वर्षाला सुमारे २ टन, अमेरिकेत सुमारे १४; आणि आपल्या त्या दोन टनांच्या सरासरीतही विमानाने फिरणारा आणि दोर ओढणारा एकाच रकान्यात मोजले जातात. होड्या मात्र दोर ओढणाऱ्याच्याच फुटल्या.

खाजन. गोव्यात खाडीकाठी बांध घालून राखलेली शेतं. बांधातल्या मानशीची दारं भरतीला आपोआप मिटतात, ओहोटीला उघडतात. आत खारं पाणी सोसणारा कोरगूट भात, कापणीनंतर मासळी. बांध गावाने मिळून राखायचा. बांध फुटले, दुरुस्तीला कुणी आलं नाही, शेतात खारं पाणी शिरलं ते तिथेच राहिलं. समुद्र चढत असताना हे ज्ञान हातचं घालवणं परवडणारं नाही.

मुक्कामी गाडी. राज्याची पहिली एसटी १ जून १९४८ ला पुण्याहून नगरला गेली. त्यानंतरच्या वर्षांत ती वाड्यावस्त्यांपर्यंत पोहोचली, आणि शेवटची गाडी रात्री गावातच थांबू लागली. चालक-वाहक देवळात किंवा शाळेच्या पडवीत झोपत. पहाटे तीच गाडी दुधाच्या किटल्या, भाजीच्या पाट्या, तालुक्याला कॉलेजात जाणाऱ्या मुली आणि रात्रभर कण्हलेला रुग्ण घेऊन निघे. पन्नास माणसांना एक इंजिन. २०२३ पासून बायकांना निम्मं तिकीट आहे, बारावीपर्यंतच्या मुलींना पास फुकट आहे. पण गाडीच येत नसेल तर सवलत कागदावर राहते. कित्येक गावांची मुक्कामी बंद झाली आहे. त्या जागी वडापच्या जिपा आल्या, कुणी कर्ज काढून दुचाकी घेतली, आणि काही मुलींची शाळा दहावीला थांबली. हवेत धूर कमी जावा आणि गरिबाच्या मुलीने शिकावं या दोन्ही गोष्टी एकाच गाडीने होत होत्या.

तुमच्या गावची, तुमच्या आजोळची मुक्कामी गाडी बंद झाली असेल, तर ग्रामसभेचा ठराव करून आगार व्यवस्थापकाकडे अर्ज द्या. शाळेत जाणाऱ्या मुलींची यादी, दवाखान्याचं अंतर आणि दूध घालणाऱ्यांची नावं त्याला जोडा. ज्यांच्या दारात स्वतःची गाडी उभी आहे त्यांनीही त्यावर सही करावी, आणि गाडी सुरू झाली की तिच्यात बसावं.