जाळी, पट्टा, गादी

पळसदरीत आणि आजूबाजूच्या वाड्यांवर झाडं कापायचा कटर चालवणारी जी माणसं माझ्या ओळखीची आहेत, त्यांतल्या एकाचंही हेल्मेट फांदी पडून फुटलेलं मी पाहिलेलं नाही. हेल्मेटं निकामी होतात ती फार किरकोळ कारणांनी. कपाळाला टेकणारी घामपट्टी कुजते. जाळी धरून ठेवणारी प्लास्टिकची खुंटी तुटते. मागची घट्ट करायची चकती दात झिजून घसरायला लागते. कानावरची गादी कडक होऊन तडकते. यांतली कुठलीही वस्तू तळहातावर मावेल एवढीच, पण ती गेली की सगळं हेल्मेट खुंटीला लागतं आणि माणूस डोक्याला टॉवेल गुंडाळून मशीन सुरू करतो.

आमचं काम तसं बारमाही. कर्जतहून येणारा रूळ पळसदरीला फुटतो, एक फाटा घाट चढतो आणि एक खोपोलीला जातो. या दोन्ही फाट्यांच्या मधल्या आणि आजूबाजूच्या पट्ट्यात गेल्या काही वर्षांत फार्महाऊसं उभी राहिली. त्यांच्या आवारात लावलेले गुलमोहर आणि रेन ट्री आता छपरांवर आलेत. मे महिन्यात विजेच्या तारांवरच्या फांद्या उतरवायच्या, पावसात पडलेली झाडं रस्त्यावरून हटवायची, दिवाळीनंतर वाळलेले आंबे आणि फणस काढायचे. साग, ऐन, किंजळ, आंबा यांना हात लावायचा तर १९६४ च्या वृक्षतोड कायद्याप्रमाणे परवानगीचा कागद लागतो, आणि तो कागद बघितल्याशिवाय धंद्यातला शहाणा माणूस मशीनची दोरी ओढत नाही. कागद सगळे विचारतात. डोक्यावर काय आहे, हे मला आजवर एकाही मालकाने विचारलेलं नाही.

हेल्मेटचं कवच डोळ्यात भरतं, म्हणून लोकांना वाटतं की तेच आपल्याला वाचवतं. खरं काम आतल्या पट्ट्यांचं असतं. कवच आणि टाळू यांच्यामध्ये साधारण इंचभर मोकळी जागा राहते, ती या पट्ट्यांनी धरून ठेवलेली. वरून फांदी आली की कवच खाली दबतं, पट्टे ताणले जातात आणि धक्का डोक्यावर एका ठिकाणी न बसता पसरतो. १९१९ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या बुलार्ड कंपनीने वाफवलेलं, डिंक पाजलेलं कॅनव्हास वापरून कामगारांसाठी कडक टोपी केली. पुढे कॅनव्हास गेलं, प्लास्टिक आलं, पण डोकं कवचाला टेकू द्यायचं नाही हे तत्त्व पक्कं झालं. औद्योगिक हेल्मेटच्या युरोपीय मानकात, म्हणजे ईएन ३९७ मध्ये, पाच किलोचं वजन एक मीटरवरून कवचावर सोडतात, आणि आत पोचणारा जोर पाच किलोन्यूटनच्या वर जाता कामा नये अशी अट आहे. ही परीक्षा कवच आणि आतले पट्टे मिळून देतात. म्हणून त्या इंचभर जागेत तंबाखूची पुडी, पैसे, मोबाइल ठेवणाऱ्या पोरांना मी दरवेळी थांबवतो. ती जागा रिकामी असते म्हणूनच उपयोगाची असते.

आता घामपट्टी. सगळ्या सुट्या भागांत हिची किंमत सर्वांत कमी आणि माझ्या मते महत्त्व सर्वांत जास्त. आमच्याकडचा मे महिना ज्याने अनुभवलाय त्याला हे सांगायला नको. ही हेल्मेटं थंड देशांतल्या जंगलांचा विचार करून घडवलेली. इथे सकाळी नऊलाच घाम डोळ्यांत उतरतो, दोन्ही हात मशीनवर असतात, पुसता येत नाही. माझ्याबरोबर काम करणारा ठाकरवाडीतला मुलगा पहिल्या उन्हाळ्यात म्हणायचा, "दादा, डोकं शिजतंय आतमधी." तो आळशी नव्हता, बेफिकीरही नव्हता. त्याची पट्टी सालपटं निघालेल्या रेक्झिनची होती आणि कपाळाला घासून पुरळ उठला होता. पट्टी बदलली आणि त्याने हेल्मेट काढणं बंद केलं. सुरक्षेवर भाषणं देणाऱ्यांनी आधी समोरच्याच्या हेल्मेटमध्ये हात घालून ती पट्टी चाचपावी, असं मला मनापासून वाटतं.

बदलायचं काम दहा मिनिटांचं. हेल्मेट मांडीवर उलटं घ्यायचं, चकती फिरवून पट्टा पूर्ण सैल करायचा. पट्ट्याची टोकं कवचाच्या कडेला असलेल्या खाचांत बसवलेली असतात, काहींत चार, काहींत सहा. अंगठ्याने आतून दाब दिला की एकेक टोक टक्‌ करून सुटतं. खाचेत लाकडाचा भुसा आणि घाम मिळून काळा मळ बसलेला असतो, तो जुन्या दातघासणीने आणि साबणाच्या कोमट पाण्याने काढायचा. पेट्रोल किंवा थिनर अजिबात लावायचं नाही. प्लास्टिक त्याने आतून ठिसूळ होतं आणि वरून काही दिसत नाही. ऑइलपेंटने हेल्मेटवर नाव घालायची हौस असते तीही याच कारणासाठी वाईट. मळ निघाला की नवीन पट्टीची भोकं पट्ट्यावरच्या बारीक बोंडांत अडकवायची आणि टोकं परत खाचांत बसवायची. प्रत्येक टोक बसल्याचा आवाज आला पाहिजे. आला नसेल तर ओढून बघायचं.

पण ही पट्टी आणायची कुठून? कर्जतला, खोपोलीला हार्डवेअरची दुकानं भरपूर आहेत. त्यांच्याकडे साखळी मिळते, स्पार्क प्लग मिळतो, टू-टीचं तेल मिळतं, कानस मिळते. मशीनचा प्रत्येक भाग सुटा मिळतो, कारण मशीन बंद पडली की धंदा बंद पडतो हे दुकानदाराला कळतं. हेल्मेटचं नाव काढलं की बांधकामावरची पिवळी टोपी समोर येते. ऑनलाइन बघितलं तर जाळी एका जागी, गादी दुसऱ्या जागी, आणि जो नंबर आपल्याला हवा तो आपल्या पिनकोडला येत नाही. मग राहते मुंबई.

मशीद बंदर स्टेशनला उतरून नागदेवी स्ट्रीटला गेलं की जगातलं बहुतेक सगळं अवजार मिळतं, अशी आमच्या धंद्यात श्रद्धा आहे आणि ती बरीचशी खरी आहे. हातमोजे, बूट, दोर, गॉगल, साखळ्या छतापासून टांगलेल्या असतात. तिथेही सुरुवातीचा प्रश्न ठरलेला असतो, "शेठ, सुटा पट्टा कशाला, पूर्णच घेऊन जा ना." बांधकामाच्या टोपीचा, म्हणजे आयएस २९२५ चा शिक्का असलेल्या टोपीचा, चकतीवाला पट्टा सुटा मिळतो. तो घेऊन यायचा मोह होतो. पण त्याची टोकं आपल्या कवचाच्या खाचांना जुळत नाहीत. अर्ध्या मिलिमीटरचा फरक असला तरी ते टोक आज बसेल आणि धक्क्याच्या वेळी निसटेल. म्हणून नंबर आणि फोटो यांच्यावर मी विसंबत नाही, जुना भाग पिशवीत घालून नेतो आणि काउंटरवर त्याच्या शेजारी नवा ठेवून बघतो. कानाच्या आवरणाचा दांडा कवचाच्या बाजूच्या ज्या खोबणीत बसतो, ती बहुतेक हेल्मेटांना तीस मिलिमीटरची असते. तरी प्रत्येक दांडा प्रत्येक हेल्मेटला चालतो असं नाही. कानाची आवरणं ठरावीक हेल्मेटांबरोबर तपासून प्रमाणित केलेली असतात, आणि त्याची यादी आवरणाच्या पत्रकात असते. ते पत्रक फेकून देऊ नये.

कुठे जुगाड चालतो आणि कुठे नाही, याची माझी वाटणी स्पष्ट आहे. घामपट्टीवर धक्का येत नाही. त्यामुळे नवी मिळेपर्यंत शिंप्याकडून जुन्या पट्टीच्या मापाची, तेवढ्याच जाडीची सुती पट्टी शिवून घ्यायला माझी हरकत नाही. कंपनी तेही करू नका म्हणेल. पण उघड्या डोक्यापेक्षा ते शंभर पटीने बरं. आतला पट्टा, त्याची टोकं, हनुवटीचा पट्टा यांना मात्र तार, केबल टाय, रिव्हेट, काहीही लावायचं नाही. कवचाला भोक तर नाहीच नाही. ज्या भागावर भार येणार तो भाग त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलचा.

कानाच्या गाद्यांबद्दल धंद्यात वाद आहे. जुनी माणसं म्हणतात, कान झाकले की झाडाचा आवाज ऐकू येत नाही. झाड पडायच्या आधी करकरतं, ते ऐकू यायला हवं. हा आक्षेप मी हलका मानत नाही, कारण तो अनुभवातून आलाय. पण मशीन पूर्ण जोरात असताना उघड्या कानालाही ती करकर येत नाही. तेव्हा डोळा कापावर आणि शेंड्यावर ठेवायचा असतो. मशीन थांबवली की आवरणं बाहेर ओढून बाजूला उभी करायची आणि मग ऐकायचं. त्यासाठीच दांड्याला स्प्रिंग असते. कटरचा आवाज चालवणाऱ्याच्या कानाशी शंभर डेसिबलच्या वर जातो. अमेरिकेतल्या नायोश या संस्थेच्या शिफारशीत ८५ डेसिबलला आठ तास चालतात आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. त्या हिशेबाने शंभर डेसिबलला दिवसभरात पंधरा मिनिटं. आमच्याकडे साठीला आलेले कटरवाले एकमेकांशी ओरडून बोलतात, त्याचं कारण हे आहे. गादी तडकली की कानाभोवती फट राहते आणि आवरण असून नसल्यासारखं होतं. गाद्या आणि आतला फोम दर सहा महिन्यांनी बदलायला कंपन्या सांगतात. इथल्या पावसात फोमला बुरशी धरते आणि कानाला खाज सुटते, म्हणून मी गणपती झाले की बदलतोच, आणि होळीच्या सुमाराला पुन्हा.

जाळीचं म्हणाल तर पावसाळ्यात तिला तोड नाही. पारदर्शक काच श्वासाने धुरकटते, जाळीचं ते होत नाही. उडणारी ढलपी, परत झपकन येणारी फांदी ती अडवते. बारीक भुसा मात्र तिच्यातून आत येतो, खासकरून वाळलेल्या खैराचा आणि चिंचेचा, तेव्हा जाळीच्या आत चष्मा लागतो. जाळी दबून एकदा घडी पडली की तिथली तार थकते आणि पुढच्या वेळी तिथेच तुटते. घडी पडलेली जाळी सरळ करून वापरायची नाही, बदलायची. जाळी बहुधा मिळून जाते. मिळत नाहीत त्या तिच्या दोन्ही बाजूंच्या खुंट्या.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि आमच्याकडेही झाडं आडवी झाली. कामाचा एवढा लोंढा त्याआधी आला नव्हता, आणि नेमकी तेव्हा टाळेबंदी. लोकल सर्वसामान्यांसाठी बंद, नागदेवीला जायचा प्रश्नच नाही. आमच्यातल्या काहींच्या हेल्मेटांच्या खुंट्या तुटलेल्या, काहींचे पट्टे गेलेले. एकाच मॉडेलच्या दोन अर्धवट हेल्मेटांतून एक पुरं केलं आणि नियम ठरवला की ज्याच्या डोक्यावर ते, त्यानेच मशीन धरायची. बाकीच्यांनी फांद्या ओढायच्या, त्याही झाड खाली आल्यावर. उभं झाड पाडताना त्याच्या उंचीच्या दुप्पट अंतराच्या आत चालवणाऱ्याशिवाय कुणी नाही. काम हळू झालं, मालक लोक फोन करून चिडत होते. तेव्हापासून माझ्याकडे एक डबा असतो. दोन घामपट्ट्या, एक चकतीसकट पट्टा, गाद्यांची एक जोडी, एक जाळी आणि मूठभर खुंट्या. साखळी संपली की जशी लगेच आणतो, तशी डब्यातली वस्तू संपली की आणायची. कर्जतच्या एका दुकानदाराने आता माझ्या सांगण्यावरून पट्ट्या आणि खुंट्या ठेवायला सुरुवात केलीय. आणखी चारजणांनी विचारलं तर तो गाद्याही ठेवेल.

कवच मात्र बदलत राहता येत नाही. ते संपलं की हेल्मेट संपलं. आत हात घालून चाचपलं तर एक गोल ठसा लागतो, कडेने बारा महिन्यांचे आकडे, मध्ये वर्षाचे दोन आकडे आणि महिन्याकडे रोखलेला बाण. पेल्टरच्या काही हेल्मेटांवर लाल टिकली असते, ती उन्हाने फिकी पडत पांढरी झाली की कवचाचं आयुष्य सरलं. बाकीच्यांचा हिशेब त्या ठशावरून आणि पत्रकावरून. बऱ्याच कंपन्या पाच वर्षांच्या आसपासची मुदत सांगतात. आमच्या उन्हात मी त्यापेक्षा कमीच धरतो. रंग उडून चुन्यासारखा खरखरीत झाला, दोन्ही हातांनी बाजूंनी दाबल्यावर कुरकुरलं, किंवा एकदा जरी वरून जोराचा घाव बसला, तर मुदत उरली असली तरी बाद.

बाद झालेल्या हेल्मेटची जाळी, गाद्या, खुंट्या, जे धड असेल ते डब्यात जातं. कवच मी हातकरवतीने मधोमध कापतो आणि मगच टाकतो. आमच्याकडे टाकलेली वस्तू टाकलेली राहत नाही. ते कवच दुसऱ्या दिवशी कुणीतरी डोक्यावर घालून मोटरसायकलवर कर्जतला निघेल, किंवा कुणा नव्या पोराला "घे, हेल्मेट आहे" म्हणून देईल. मागायला येतात लोक, चांगलं दिसतं म्हणतात. मी त्यांना आतला ठसा दाखवतो, वर्ष मोजायला लावतो आणि नवीन घ्यायचं असेल तर कुठलं मॉडेल घ्या ते सांगतो, ज्याचे सुटे भाग माझ्या डब्यात आहेत ते.