माळा आणि मेनफ्रेम

आमच्या घरात एक माळा आहे. पाहुणे आले की खालच्या वस्तू वर जातात आणि पाहुणे गेले की त्या खाली येतात. निदान यायला हव्यात!

या गृहशास्त्राचा नोकरीत उपयोग होईल, असं मला वाटलं नव्हतं. १९९९ साली मी मुंबईतल्या एका कचेरीत मेनफ्रेमवर रात्रपाळी करायचो. तिलाही माळा असतो. मेमरी अपुरी पडली की ती ४ किलोबाइटचं एकेक पान उचलून डिस्कवर टाकते आणि लागेल तसं खाली काढते. हा माळा ७० टक्के भरला की यंत्र इशारा देतं आणि नव्या मंडळींना दारातच थांबवतं. ८५ टक्क्यांना आवाज चढवतं. शंभराला मौन धरतं. आमच्या सौ.चं साधारण असंच आहे.

एकदा महिनाअखेरीला पगाराचं काम चालू असताना ७० चा इशारा झळकला. तेव्हा मी चहाला गेलो होतो. परतलो तो ८५! अशा वेळी राखीव पेज डेटासेट जोडायचा असतो, पण तो आधी तयार करून ठेवलेला हवा. ते काम आठवडाभर माझ्याकडेच होतं आणि मी ते रोज उद्यावर ढकलत होतो.

आता एखादं काम रद्द करणं आलं. सर्वांत जास्त जागा अडवली होती पगाराच्या कामाने. मी थरथरत्या बोटांनी त्याचंच नाव टाइप करू लागलो, तोच मागून आमचे साहेब ओरडले, "अहो, थांबा! मोठा कोण ते बघू नका, वाढतोय कोण ते बघा!"

पाहिलं. एक किरकोळ रिपोर्ट मिनिटागणिक फुगत होता. मीच दुपारी त्यात 'सुधारणा' केली होती. तो रद्द केला आणि आकडा घसरला. पगार वेळेवर झाले. त्यात माझाही होता. सकाळी राखीव डेटासेट तयार करूनच मी घरी गेलो.

मोठ्या रुबाबात सौ.ला सगळं सांगितलं. तिने शांतपणे माळ्याकडे बोट दाखवलं.

"मग तिथे वाढतंय काय, तेही बघा की!"

पाहिलं. माझीच जुनी मासिकं होती.