नाक आणि माणूस

मानववंशशास्त्राच्या पहिल्याच तासाला आमच्या सरांनी फळ्यावर एक भले मोठे नाक काढले. वर्गात हशा पिकला. सरही हसले आणि म्हणाले, "हसा. पण आपल्या देशात याच नाकावरून एकेकाळी माणसाची पायरी ठरवली जात होती."

1901 च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले हे मोठे अभ्यासू गृहस्थ. नाकाची रुंदी आणि लांबी मोजायची, त्यांचे शेकडेवारीने प्रमाण काढायचे आणि नाक जितके अरुंद तितकी जात वरची, असा त्यांचा सिद्धान्त होता. तास संपला तेव्हा वर्गातल्या निम्म्या मुलींचे हात आपापल्या नाकाकडे गेले होते. माझाही गेला. मन मात्र निराळ्याच आठवणीने चरकले.

मी उत्तनची. भाईंदर स्टेशनाबाहेर बस धरली की मिठागरे, खाडी, डोंगरी मागे टाकीत ती आमच्या गावी येते. वडिलांची मासेमारीची होडी आहे. पावसाळा सरला की किनाऱ्यावर बांबूंच्या वलांडी उभ्या राहतात आणि त्यांवर बोंबील वाळत पडतात. हे सारे मी कॉलेजात कुणाला सांगितले नव्हते. कुणी विचारले तर "भाईंदरला राहते" एवढेच सांगत असे.

पहिल्या वर्षाची गोष्ट. एक मैत्रीण समुद्र पाहायला म्हणून माझ्याबरोबर बसने येत होती. वाटेत माझी आजी चढली. बाजार आटोपून येत होती, हातात रिकामी पाटी. मैत्रिणीने नाकाला रुमाल लावला आणि हळूच म्हणाली, "शी, काय वास!" मी खिडकीबाहेर पाहू लागले. आजीने मला पाहिले होते. ती काही न बोलता मागे जाऊन बसली, आणि आपला थांबा आल्यावर हाक न मारताच उतरून गेली. घरी तिने त्याचा विषय काढला नाही. मीही नाही.

नाकाइतकाच मला छळणारा दुसरा प्रश्न नावाचा. हजेरीत माझे पोर्तुगीज वळणाचे आडनाव आले की कुणीतरी हमखास विचारते, "मग तुझे मराठी इतके चांगले कसे?" जणू मी कालच बोटीतून उतरले! वास्तविक आमची माणसे पिढ्यान् पिढ्या याच किनाऱ्यावर जाळी टाकीत आली. 1534 मध्ये वसईचा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला, 1739 मध्ये चिमाजी आप्पांनी तो जिंकून घेतला. मधल्या दोनशे पाच वर्षांत आमचा देव बदलला, आडनाव बदलले. पुढे 1887 मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला पन्नास वर्षे झाली त्या साली, मुंबई-साष्टीकडच्या ख्रिस्ती मंडळींनी गोव्याच्या ख्रिस्ती मंडळींहून आपली ओळख निराळी राहावी म्हणून 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतले. एका व्यापारी कंपनीच्या नावाशी जुळणारे! कोळी, किरिस्ताव, ईस्ट इंडियन. यांतली खरी मी कोणती?

सरांना मी भीत भीत हे विचारले. त्यांनी उत्तर दिले नाही, इरावती कर्व्यांची हकीकत सांगितली. बाई बर्लिनला ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली डॉक्टरेट करीत होत्या. गोऱ्या माणसाच्या कवटीची ठेवणच निराळी आणि त्यात त्याच्या बुद्धीचे श्रेष्ठत्व, असे गुरुजींचे मत. बाईंनी कवट्या मोजल्या आणि वंशावंशांत तसा फरक आढळत नाही, असे गुरुजींनाच लिहून दिले. तोच मापनाचा मार्ग, पण आकडे आधी आणि निष्कर्ष नंतर. आज तर आपण जाणतो की सुमारे तीन लाख वर्षांपूर्वीच्या आफ्रिकेतल्या माणसांपासून आपण सारे आलो. नाकाची ठेवण हवामानावर पुष्कळशी अवलंबून, अकलेशी तिचा संबंध नाही.

"आता तुम्हीही पाहणी करा," सर म्हणाले. मी वारली पाड्यावर जायचा बेत सांगितला. त्यांनी विचारले, "नाताळानंतर तुमच्या घरी लग्न आहे ना? मग दूर कशाला? वही घेऊन तिथेच बसा."

चुलतबहिणीचे लग्न होते. चर्चमधल्या विधीच्या आधी आमच्यात 'उंबराचं पाणी' आणतात. बायका नटूनथटून, बँड लावून विहिरीवर जातात, मराठी गाणी म्हणत पाणी भरतात आणि त्या पाण्याने नवरीला न्हाऊ घालतात. लहानपणापासून पाहिलेली गोष्ट. वही हाती आल्यावर प्रथमच प्रश्न पडला, उंबरच का? आजीला विचारले. ती म्हणाली, "आमचे आजीनं केलं, म्हणून आमी करतो. काय लिवतेस गो एवढं?"

सुट्टीनंतर वर्गात हे वाचून दाखवले. मागच्या बाकावरची एक आगरी मैत्रीण एकदम म्हणाली, "अगं, आमच्याकडेही लग्नात उंबर लागतो!" सरांनी मग देवकाची माहिती दिली. महाराष्ट्रात कितीतरी घरी कार्याच्या आधी देवक बसवतात आणि त्याच्या पंचपल्लवांत उंबराचे पान असते. मला वाटले, मी कोण हे रिस्लेसाहेबांच्या पट्टीने कधीच कळले नसते. ते विहिरीवर कळले. देव बदलला, आडनाव बदलले, नवरीच्या न्हाणाला लागणारे झाड मात्र शेजाऱ्यापाजाऱ्यांचे आणि आमचे एकच राहिले.

त्या रात्री मी सगळी वही आजीला वाचून दाखवली. बोंबील निवडता निवडता ती ऐकत होती. उंबराचे, विहिरीचे, गाण्यांचे सारे ऐकून झाल्यावर तिने मान वर न करता विचारले,

"आन त्या दिसाचं, बसमधलं, लिवलंस काय?"

लिहिले नव्हते. म्हणून आज लिहिले.