माणसं उठवलेल्या दऱ्या

स्कॉटलंडमधला, किंबहुना अख्ख्या ब्रिटनमधला सर्वांत उंच डोंगर बेन नेव्हिस. त्याची उंची १,३४५ मीटर. गाइडबाईंनी माइकवरून हा आकडा सांगितला, तेव्हा आमच्या ग्रुपमधले अकोले तालुक्यातले काका ताठ बसत म्हणाले, "म्हणजे आमच्या कळसूबाईपेक्षा तीनशे मीटरनं कमीच की!" हिशेब बरोबर होता. कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटरवर आहे. तरीही फोर्ट विल्यमपाशी बस थांबली आणि मान वर केली, तेव्हा तो डोंगर सह्याद्रीतल्या कोणत्याही शिखरापेक्षा मोठा वाटला.

त्याचं एक कारण सरळ आहे. कळसूबाईच्या पायथ्याचं बारी गाव मुळातच बरंच उंचावर आहे, तर बेन नेव्हिसचा पायथा जवळजवळ समुद्राच्या पाण्यात आहे. पण दुसरं कारण मला दोन दिवसांनी उमगलं. त्या उतारांवर डोळ्याला माप म्हणून धरता येईल असं काहीच नाही. घर नाही, गोठा नाही, नांगरलेला तुकडा नाही, बऱ्याच ठिकाणी झाडही नाही. नुसतं गवत, हेदरची झुडपं, ओला काळा खडक आणि खाली सरोवर. आपल्याकडे डोंगर कितीही उभा असला तरी कुठे तरी एक कौलारू छप्पर किंवा नाचणीचं खाचर दिसतंच, आणि त्यावरून नजर अंतर ठरवते. इथे नजर ठरवू शकत नाही, म्हणून सगळं अफाट वाटतं.

हायलँड्सची सहल बसनं करावी, असं माझं आता ठाम मत आहे. कोचच्या सीटा उंच असतात. रस्त्याकडेच्या दगडी बांधावरून पलीकडचं पाणी दिसतं, जे मोटारीतून दिसत नाही. आमच्या टूर मॅनेजरनं पहिल्याच दिवशी जागा रोज बदलण्याचा नियम घालून दिला होता, त्यामुळे पुढची काच प्रत्येकाच्या वाट्याला आली. शिवाय तिथल्या कायद्यानुसार चालकाला साडेचार तास गाडी चालवल्यावर पंचेचाळीस मिनिटांची विश्रांती घ्यावीच लागते. आम्ही कुठे थांबायचं हे त्या घड्याळावर ठरे. माणसाच्या थकव्याची दखल घेणारा तो नियम मला फार आवडला. त्याच्यामुळेच एरवी कोणी थांबलं नसतं अशा एका निर्मनुष्य वळणावर आम्ही पाऊण तास उभे राहिलो.

ते वळण रॅनक मूरवरचं. लोमंड सरोवर संपलं की रस्ता चढत जातो आणि अचानक एका प्रचंड दलदलीच्या पठारावर येतो. हजारो वर्षांपूर्वी इथे हिमनद्यांचा जाड थर होता. तो वितळला आणि मागे डबकी, गोटे आणि कुजलेल्या वनस्पतींची ओली पीट माती राहिली. ती इतकी मऊ, की १८९४ साली सुरू झालेला रेल्वेमार्ग टाकताना बांधणाऱ्यांना आधी झाडांची मुळं आणि फांद्या यांची गादी अंथरावी लागली. वारा कापत होता. कोणीतरी थेपल्यांचा डबा उघडला. काका चारी बाजूंना बघत म्हणाले, "काय मोकळं आहे हो सगळं. इतकी जमीन आणि माणूस नाही!"

गाइडबाई आमचं मराठी समजत नव्हत्या, पण टूर मॅनेजरनं ते वाक्य त्यांना सांगितलं. त्यावर त्यांचं उत्तर मी वहीत लिहून ठेवलं आहे. या पठारावर माणसं कधी फारशी नव्हतीच, त्या म्हणाल्या, पण उद्यापासून ज्या दऱ्या बघाल त्या मोकळ्या नव्हत्या. त्या मोकळ्या केल्या गेल्या. त्यांची आजी गेलिक ही इथली जुनी भाषा बोलायची. त्यांना स्वतःला गाण्यांपुरतीच येत होती.

त्या क्षणापासून माझी सहल बदलली. त्याच दुपारी आम्ही ग्लेनकोत उतरलो. दोन्ही बाजूंनी अंगावर येणारे कडे आणि मध्ये चिंचोळी दरी. १६९२ च्या फेब्रुवारीत इथल्या मॅकडोनाल्ड लोकांच्या घरी सैनिक पाहुणे म्हणून जवळजवळ दोन आठवडे राहिले, त्यांच्याच ताटात जेवले, आणि १३ तारखेच्या पहाटे त्यांनी यजमानांपैकी अडतीस जणांना ठार केलं. बर्फात पळालेल्या कित्येक बायका-मुलांचा थंडीनं जीव घेतला. पाहुण्यानं मिठाला न जागणं म्हणजे काय, हे आम्हां मंडळींना वेगळं समजावून सांगावं लागलं नाही.

इनव्हरनेसजवळच्या कलोडनच्या माळावर १६ एप्रिल १७४६ रोजी तासाभराच्या आतच हायलँड्सच्या कुळांचं बळ मोडलं. लढाईचा तपशील इथे नको, परिणाम महत्त्वाचा. कुळाच्या प्रमुखाला आता तलवारी धरणारे लोक पोसण्याची गरज राहिली नाही. जो नायक होता तो हळूहळू निव्वळ जमीनदार झाला, आणि जमीनदाराला दक्षिणेकडून आणलेल्या शेव्हियट मेंढ्या माणसांपेक्षा जास्त खंड देत होत्या. सदरलंडमधल्या स्ट्रॅथनेव्हर दरीतून १८१४ आणि १८१९ साली कुटुंबंच्या कुटुंबं उठवली गेली. पुन्हा परतून कोणी राहू नये म्हणून छपरांची लाकडं जाळली. १८१४ साली ते करवून घेणारा पॅट्रिक सेलर याच्यावर १८१६ साली इनव्हरनेसला खटला चालला आणि तो निर्दोष सुटला. पुढे तोच त्या दरीतला बडा मेंढीवाला होता.

आता दुसरी तारीख शेजारी ठेवतो. वॉल्टर स्कॉटचं 'द लेडी ऑफ द लेक' हे काव्य १८१० साली आलं आणि त्यातलं कॅट्रिन सरोवर बघायला इंग्लंडहून प्रवाशांची रीघ लागली. थॉमस कुकनं आपली पहिली स्कॉटलंड सहल १८४६ साली काढली. त्याच्या आदल्याच वर्षी ग्लेनकॅल्व्हीहून हाकललेली माणसं क्रॉइकच्या चर्चच्या आवारात तंबूसारखा आडोसा करून राहिली होती. चर्चच्या खिडकीच्या काचांवर त्यांनी ओरखडून लिहिलेल्या ओळी अजून आहेत, आणि सर्वांत जास्त मन जाळणारी गोष्ट ही, की त्यांत त्यांनी दोष स्वतःच्या पापांना दिला आहे. दऱ्या बघायला लोक येऊ लागले आणि दऱ्यांत राहणारे जाऊ लागले, ते एकाच काळात. आज आपण ज्या निर्जनतेसाठी पैसे मोजून येतो तिचा बराच भाग निसर्गानं घडवलेला नाही. उतारांवर झाडं उगवत नाहीत त्यामागेसुद्धा मेंढ्या आणि नंतर जमीनदारांच्या शिकारीसाठी राखलेली हरणं आहेत. रोप वर आलं की ती खातात.

हे कळल्यावर सौंदर्य कमी झालं का? नाही झालं. नेस सरोवरावर दुपारी ऊन पडलं तेव्हा मी बराच वेळ दुसरीकडे पाहू शकलो नाही. पीटमुळे चहासारखं तपकिरी पाणी, सव्वादोनशे मीटरहून खोल. इंग्लंड आणि वेल्सची सगळी सरोवरं एकत्र केली तरी इतकं पाणी होत नाही. पण काठावरच्या गवतात एखादी अर्धवट दगडी भिंत दिसली की मी आता विचारत होतो, इथे कोण राहत होतं? हे विचारायला लावणारी व्यक्ती बसमध्ये पुढे माइक घेऊन बसली होती, हे माझं भाग्य. काचेतून नुसतं बघत गेलो असतो तर मीही 'किती मोकळं' एवढंच म्हणून परतलो असतो.

आणि या गोष्टीचा एक धागा आपल्या दारापर्यंत येतो. कलोडननंतर हायलँड्सवर वचक ठेवायला इंग्रज सरकारनं समुद्रकाठी फोर्ट जॉर्ज बांधला. तो १७६९ मध्ये पुरा झाला. १७९२ साली शेजारच्या रॉस परगण्यात लोकांनी मेंढ्यांचे कळप हाकलून देण्याचा प्रयत्न केला, तो सैन्य आणून मोडला गेला. पुढच्याच वर्षी त्याच मुलखातल्या पोरांची ७८ वी हायलँडर पलटण उभी राहिली. २३ सप्टेंबर १८०३ ला ती पलटण जालना जिल्ह्यातल्या असई गावासमोर, केळणा नदी ओलांडून, शिंद्यांच्या तोफांवर चालून गेली. दुसऱ्या टोकाला ७४ वी हायलँडर होती, तिची तर कत्तलच झाली. तोफांपाशी मराठी फौजेचे गोलंदाज शेवटपर्यंत हलले नाहीत. पुढे या पलटणींच्या निशाणावर हत्ती आणि असईचं नाव आलं. ज्या घरांनी पोरं दिली, त्यांतल्या कितीतरी घरांना नंतरच्या दोन पिढ्यांत जमीन सोडावी लागली. कसणाऱ्याला जमिनीवर टिकण्याचा कायदेशीर हक्क मिळाला तो १८८६ साली.

परतीच्या वाटेवर टूर मॅनेजरनं मला माइक दिला आणि मी हे सांगितलं, मराठीत आणि मग इंग्रजीत. गाइडबाईंना असईचं नाव पलटणीच्या निशाणापुरतं माहीत होतं. ते गाव आहे हे नव्हतं. "आता तिथे काय आहे?" त्यांनी विचारलं. आमच्यातल्या जालन्याच्या निवृत्त शिक्षिका मागच्या सीटवरून उठून पुढे आल्या. "सांगा त्यांना," त्या मला म्हणाल्या, "गाव आहे. शाळा आहे. माणसं राहतात, कापूस लावतात, मका लावतात. कोणी उठवलेलं नाही."